दीक्षा न घेतल्याचा खुलासा

कोल्हापूर,
मार्गशीर्ष वद्य दशमी, शके १८३१

चिरंजीव राजमान्य राजेश्री आप्पासो देवाप्पा शेटे, गुळाचे अडते, मुक्काम पेठ वडगाव, यांसी नेमाण्णा आदाप्पा मगदूम, निवृत्त शिक्षक, याचा जयजिनेंद्र. मी कोल्हापुरात माझ्या राहत्या घरी आहे, प्रकृतीने सुखरूप आहे, आणि माझ्या अंगावर नित्याची सर्व वस्त्रे आहेत. या तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहून कळविण्याची वेळ आपल्या पत्रामुळे आयुष्यात प्रथमच आली. आपली प्रकृती, मातोश्रींचा खोकला आणि नव्या गुळाची आवक कशी आहे, ते सवडीने कळवावे. सध्या आपल्याकडे राहत असलेल्या आपल्या भगिनींच्या प्रकृतीविषयीही, कागदावर जागा उरल्यास, लिहावे.

आपले पत्र पोचले. त्याच्या नकला सांगली, निपाणी व बेळगाव येथील आप्तेष्टांसही गेल्या, हे तिकडून अभिनंदनाचे नारळ येऊ लागल्यामुळे समजले. पत्रात आपण लिहिता, 'आमचे दाजी कार्तिकी पौर्णिमेस संसाराचा वीट येऊन अनवाणी घराबाहेर पडले, मार्गात कडक उपोषण केले, स्वहस्ते केशलोच केला, आणि आमच्या ताईने अश्रू ढाळीत त्यांस दीक्षेची संमती दिली.' या वाक्याच्या शुद्धलेखनाविषयी मी येथे काही लिहीत नाही (लिहावयाचे झाल्यास स्वतंत्र पत्र लागेल). मजकुरापुरते बोलावयाचे, तर त्यातील एकही विधान जसेच्या तसे खरे नाही. एक मात्र अर्धे खरे आहे. आणि तेच मला सर्वांत जड गेले. त्याचा उल्लेख त्याच्या जागी येईल. आपल्या सवयीप्रमाणे पत्राचा शेवट आधी वाचू नये.

मी दीक्षा घेण्यास निघालो नव्हतो. मी फिरावयास निघालो होतो. बापूसो म्हणून माझा एक जुना विद्यार्थी आहे. (षष्ठी विभक्तीत त्याची नेहमी गफलत होत असे, तो आता डॉक्टर झाल्यामुळे तिची त्याला गरज उरलेली नाही.) तो विलायतेहून परीक्षा देऊन आला, तेव्हा पाया पडण्यास घरी आला होता. मधल्या सुटीत तो फ्रान्स देशी गेला होता. तेथील खेड्यापाड्यांतून म्हणे चांगली सुखवस्तू माणसे हौसेने पायी हिंडतात. बरोबर वाटाड्या नसतो. कोठे वळावयाचे ते लिहिलेला कागद हाती असतो. सामान सकाळीच गाडीने पुढल्या मुक्कामाच्या खाणावळीत जाते, आणि माणूस मोकळ्या हातांनी, द्राक्षांच्या मळ्यांतून, वाटेल त्या झाडाखाली बसत, दिवस मावळता तेथे पोचतो. पाय धुण्यास ऊन पाणी तयार असते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच. मी विचारले, वाटेच्या शेवटी कोणते देवस्थान असते? तो म्हणाला, कोणतेच नाही. वसुली असते? नाही. कोणाची सोयरीक? तीही नाही. चालून झाले की घरी येतात.

ही कल्पना मला फार स्वच्छ वाटली. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी दिवसभर घरीच असतो. स्वयंपाक, दळण, पाणी भरणे, शेजारणीशी बोलणे या सर्व कामांत जी जी सुधारणा मला सुचते, ती मी वेळच्या वेळी सांगत असतो. आपल्या भगिनी मला तेव्हापासून 'जरा भाईर फिरून या की' असे म्हणत आल्या आहेत. ('बाहेर' असे मी प्रत्येक वेळी सांगितले आहे.) तेव्हा या पदभ्रमणाची मूळ सूचना फ्रान्सची नसून आपल्याच घराण्याची आहे, याची प्रथम नोंद घ्यावी. निघण्याच्या आदल्या सायंकाळी मी त्यांस सर्व बेत समजावून सांगितला: कोल्हापूरहून शिरोलीवरून हातकणंगल्याकडे, तेथून आळते, मग कुंभोज, मग आपले पेठ वडगाव, आणि परत; दर मुक्काम धर्मशाळेत. वाट कुंभोजच्या डोंगरावरून नेली ती केवळ तिकडे सावली अधिक म्हणून. त्या डोंगरावर त्यागी लोक राहतात, ही गोष्ट मला ठाऊक होती. परंतु सावलीचा विचार करताना ती माझ्या ध्यानात आली नाही. माझे सांगणे चालू असताना आपल्या भगिनींचा डोळा लागला. हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही; बेत माहीत असूनही त्यांनी पुढे जे केले ते माहीत असून केले, की झोपेमुळे बेत त्यांना कळलाच नव्हता, हा प्रश्न गेले काही दिवस मी उलटसुलट करून पाहत आहे, म्हणून लिहितो.

सामानासाठी लालासाब गाडीवान ठरविला. शाहूपुरीतल्या पेढ्यांवर माल पोचविण्याचे काम तो करतो आणि आमच्याच गल्लीत राहतो. वळणांचा कागद मी त्याच्याकडून ऐकून स्वतः तयार केला. त्यातील भाषा निर्दोष होती. परंतु लालासाब आळत्याहून घरी येताना जी वाट लागते ती डोळ्यांसमोर आणून सांगत होता, हे त्याने मला सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. त्यामुळे कागदावरील प्रत्येक डावे उजवे होते व प्रत्येक उजवे डावे. माझा कागद चुकलेला नव्हता. तो उलट दिशेने येणाऱ्या मनुष्यासाठी होता.

नव्या वहाणांनी शिरोलीच्या अलीकडेच दोन्ही टाचा सोलून काढल्या, म्हणून मी त्या गाडीत टाकल्या. 'अनवाणी' या आपल्या शब्दाचा निकाल येथे लागतो. वैराग्य आणि पायाला आलेले फोड या दोन भिन्न गोष्टी आहेत. यानंतर लालासाब गाडी हाकीत पुढे गेला, आणि वाटेत जो जो भेटेल त्याला सांगत गेला, 'मालक मागनं चालत येत्यात. गाडीत जागा हाय तरी बसत न्हाईत. सामान सोडलं, वहाणा बी सोडल्या. घरनं एकटंच निघाल्यात.' मी नंतर त्याची उलटतपासणी केली. त्याच्या बोलण्यात एकही असत्य विधान मला सापडले नाही, हे दुःखाने नमूद करतो.

पहिल्या मुक्कामाच्या गावी वेशीतच हंबीरराव पाटील घोड्यावर बसलेले भेटले. मोठा, उघड्या आवाजाचा मनुष्य. त्यांनी मला नखशिखांत पाहिले. 'काय पावणं, मास्तर दिसतायसा. गावात आगीनगाडी येतीया, घोडं हाय, बैलगाडी तर तुमचीच पुढं गेली. मग चालत का? कुणाच्या नावानं?' मी म्हणालो, कोणाच्याच नावाने नाही. 'नवस?' नाही. 'वाद झाला भावाभावांत?' मला भाऊ नाही. 'मग मिळणार काय चालून?' मी बापूसोचे उत्तर दिले: काहीही नाही, आणि काही मिळावे अशी इच्छाही नाही. हे ऐकताच पाटील घोड्यावरून उतरले. त्यांनी पागोटे काढले व भर वेशीत माझ्या पायांवर डोके ठेवले. मी त्यांस उठविले व फ्रान्सचा खुलासा करू लागलो. ते हात जोडून म्हणाले, 'आता काय बोलूच नगा.' रात्री धर्मशाळेत त्यांनी माझ्यासाठी स्वतःची घोंगडी पाठविली, आणि दुसऱ्या दिवशी ते घोडे हाती धरून माझ्यामागे चालू लागले. मी थांबलो की थांबत. मी परत जाण्यास सांगितले की डोळे पुशीत.

दुसऱ्या दिवशीच्या उपोषणाचा वृत्तांत असा. फ्रान्सच्या पद्धतीत एक दोष आहे, तो बापूसोने सांगितला नव्हता, कारण त्या लोकांस तो दोष वाटत नसावा. सामान पुढे जाते, तेव्हा सामानातले लाडूही पुढे जातात. इतकेच नव्हे, तर पाणी गाळण्याचे कापडही पुढे जाते. मी आजवर गाळल्यावाचून पाण्याचा थेंब घेतलेला नाही, हे आपणास माहीत आहे. (पाटलांनी विहिरीवरून आणलेले पाणी मी नाकारले, त्यांनी ते स्वतःही प्यायले नाही.) कागदावरील डाव्या-उजव्यामुळे आम्ही एका उसाच्या फडाला दोनदा प्रदक्षिणा घातली आणि आळत्यास पोचलो तो सूर्य नुकताच मावळला होता. धर्मशाळेत माझी ट्रंक होती. ट्रंकेत आपल्या भगिनींनी बांधून दिलेले डाळीचे लाडू होते. मी ट्रंक उघडली, लाडू पाहिले, बाहेर पाहिले. अंधार पडला होता. आपल्या घरी सूर्यास्तानंतर कोणी जेवत नाही, आणि एकटा असताना जेवणे हे तर अधिकच वाईट. मी ट्रंक बंद केली आणि तिच्यावर बसलो.

धर्मशाळेची व्यवस्था धोंडुबाई नावाची एक प्रौढ स्त्री पाहते. ती पिठले-भाकरी घेऊन आली. मी नको म्हणालो. 'सकाळी काय खाल्लंसा?' काही नाही. 'पाणी?' तेही नाही. 'आणि त्या पेटीत काय हाय, वास येतोय तुपाचा?' मी सांगितले, लाडू आहेत. तिने पिठले-भाकरी परत उचलली. मग पदर सावरून हलकेच गेली. पहाटे उठलो तेव्हा धर्मशाळेच्या पायऱ्यांवर पंधरा-वीस माणसे बसली होती, आणि धोंडुबाई त्यांना सांगत होती, 'लाडवावर बसून ऱ्हायलं बाई, पर हात म्हणून लावला न्हाय!'

केशलोचाचे प्रकरण याहून साधे आहे. ही सर्व मंडळी टाळावी म्हणून मी बांधावरून आडवाटेने निघालो. बोरीच्या काटेरी कुंपणातून वाकून जाताना पागोटे अडकले, आणि मागे आघाड्याचे रान माजले होते त्यात मी तोल जाऊन बसलो, नव्हे, पडलो. आघाड्याचे वाळके तुरे केसांत कसे रुततात हे आपणास ठाऊक असेल. मी एका झाडाखाली बसून एकेक उपटू लागलो. तुऱ्याबरोबर केसही येत होते आणि डोळ्यांतून पाणीही. वाटेने चार बायका वैरणीचे भारे घेऊन चालल्या होत्या. त्यांनी भारे खाली ठेवले आणि माझ्यासमोर हात जोडून बसल्या. मी त्यांना स्पष्ट सांगितले, की बाई, हे केवळ आघाड्याचे तुरे आहेत. चिकटले, म्हणून काढतो आहे. त्यांच्यातील वडील बाई मान हलवून म्हणाली, 'व्हय महाराज. कर्मं बी अशीच चिकटत्यात.' तत्त्व म्हणून हे निर्दोष असल्यामुळे मी पुढला तुरा उपटू लागलो.

कुंभोजच्या वेशीवर हलगी होती, डोक्यावर कलश घेतलेल्या सुवासिनी होत्या, आणि सगळा समाज लोटला होता. मला चावडीसमोर चौरंगावर बसविण्यात आले. मी उभा राहिलो आणि प्रारंभापासून सर्व सांगितले: बापूसो, फ्रान्स, खाणावळी, द्राक्षांचे मळे, ऊन पाणी, निर्हेतुक चालणे. शाळेतही माझे इतके शांतपणे कोणी ऐकले नव्हते. माझे बोलणे संपल्यावर पंचांतील एक अतिवृद्ध गृहस्थ म्हणाले, 'देश कुठला बी असू दे, मास्तर. मार्ग एकच हाय. घरची संमती हाय का?'

आप्पासो, या ठिकाणी मला सुटकेचा दरवाजा दिसला. दीक्षेपूर्वी घरच्यांची संमती लागते. ती नसेल तर कोणी दीक्षा देत नाही. मी पंचांस म्हणालो, संमती नाही, मिळणारही नाही. ज्या खात्रीने मी आजवर केवळ व्याकरणाचे नियम सांगितले, त्या खात्रीने मी हे सांगितले. माझ्या घरी माझ्यावाचून भाताला किती पाणी घालावे हेदेखील ठरत नाही, असेही सांगितले. पंच म्हणाले, रीत आहे, विचारून पाहू. हंबीरराव पाटील पुढे झाले. म्हणाले, 'माझं घोडं घ्या.' लालासाबला घोड्यावर बसवून कोल्हापूरला रवाना केले.

दुसऱ्या दिवशी धर्मशाळेच्या ओसरीवर बसून मी आपल्या भगिनींचे उत्तर मनात रचीत होतो. त्यांस शब्द नीट सुचत नाहीत, म्हणून मीच रचीत होतो. 'पंचांस विनंती, की यांच्यावाचून आमच्या घरास आधार नाही. तरी यांस परत पाठवावे.' हे वाक्य मी तीन-चार प्रकारांनी करून पाहिले. शेवटचा प्रकार मला चांगला वाटला. ऐकताना लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल, अशी माझी समजूत होती. तशा तयारीने मी घडी केलेला पंचा जवळ ठेवला होता.

लालासाब दिसला तेव्हा हलगी सुरू झाली. तो घोड्यावरून उतरला. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. 'वैनी हूं म्हणाल्या.' मी म्हणालो, काय झाले ते क्रमाने सांग. 'अक्काताई वैनी मिरची कांडत हुत्या. म्या म्हणालो, मालक दीक्षा घेणार म्हणत्यात पंच, तुमचं काय म्हणणं. वैनींनी मुसळ थांबवलं न्हाय. म्हणाल्या, तिथं मौन पाळावं लागतंय न्हवं? म्या म्हणालो, लागत असंल. म्हणाल्या, मग घेऊ द्यात की.'

मी त्याला हे पुन्हा सांगावयास लावले, आणि मग आणखी एकदा. तिन्ही वेळा शब्द तेच होते. मी विचारले, डोळ्यांत पाणी होते का? 'हुतं की.' मग त्याने थोडा विचार केला. 'पर मिरची बी हुती न्हवं, मालक.' आपल्या पत्रातील अश्रूंचा उगम एवढाच आहे. ते कशाचे होते हे मला ठाऊक नाही. लालासाबला ठाऊक नाही. आणि आपण तेथे नसताना आपणास ठाऊक असण्याचे कारण नाही. हा एकच मजकूर मी दुरुस्त करू शकत नाही, म्हणून तसाच ठेवतो.

त्या रात्री मला झोप आली नाही. मंडप घालण्याचे आवाज येत होते. पहाटे मी उठून एकटाच डोंगर चढलो. वर एका खडकाच्या आडोशाला एक वृद्ध त्यागी अंगावर एवढासा पंचा घेऊन डोळे मिटून स्तोत्र म्हणत होते. मी नमस्कार करून बसलो. मला त्यांस विचारावयाचे होते, की जो मनुष्य दीक्षेस निघालाच नव्हता, परंतु ज्याची आता घरी गरज नाही असे सिद्ध झाले आहे, त्याने काय करावे. स्तोत्र संपेपर्यंत मी थांबणार होतो. परंतु एका चरणात त्यांनी विसर्ग सोडला, आणि तो माझ्या तोंडून आपोआप पुरा झाला.

त्यांनी डोळे उघडले. 'मास्तर न्हवं तुम्ही? काल खाली हलगी वाजत हुती ती तुमचीच?' मी होय म्हणालो. 'घरी जावा.' मी म्हणालो, मी अजून काही विचारलेच नाही. 'त्या बाईनं हूं का म्हटलं, ते मला कळलं,' ते म्हणाले. 'तुम्ही हितं बसलासा तर मलाच डोंगर उतराय लागंल.' आणि ते हसू लागले. दात नसलेल्या तोंडाने, लहान मुलासारखे, खोकला येईपर्यंत हसले. मी त्यांस पाणी दिले (आदल्या रात्रीच गाळून घेतलेले). पाणी पिऊन ते शांतपणे म्हणाले, 'रागावून आलेल्याला हितं जागा नसती.' मी म्हणालो, मी रागावलेलो नाही. 'मग तिचं ते बोलणं कालधरनं किती जणांस्नी म्हणून दाखवलंसा?' मी मोजू लागलो. ते स्वतः माझ्याबरोबर खाली आले, आणि पंचांना एवढेच म्हणाले, 'हे दीक्षेचं न्हाईत. सोडा त्यास्नी.' अपात्रतेचा हा निर्णय मी लेखी मागितला; त्यांनी दिला नाही. हंबीरराव पाटलांनी निरोप घेताना घोंगडी परत घेतली नाही, ती माझ्याकडे आहे.

तेथून पुढे पेठ वडगावचा मुक्काम ठरला होता. मी तो रद्द केला आणि घरी परतलो. वाटेत मी पुष्कळ वाक्ये तयार केली होती, ती सर्व घराच्या दाराशी निरुपयोगी झाली, कारण दाराला कुलूप होते. किल्ली लालासाबची बायको चाँदबी हिच्याकडे होती. 'वैनी म्हायारला गेल्या. किल्ली ठिवल्या तुमच्यासाठी.' मी विचारले, नेमके काय म्हणाल्या: 'आल्यावर द्या' म्हणाल्या, की 'आलेच तर द्या' म्हणाल्या? चाँदबी म्हणाली, 'मास्तर, किल्ली द्यायची हुती, दिली. आता दार उघडा आन् काहीतरी खावा.' 'आल्यावर' आणि 'आलेच तर' या दोहोंत केवढे अंतर आहे, ते तिला कळणे शक्य नाही. आपल्यालाही कळेल असे वाटत नाही. त्या दोहोंपैकी कोणते, एवढे जरी मला निश्चित कळले असते, तरी हे पत्र अर्ध्या कागदात संपले असते.

मी येथे अगदी व्यवस्थित आहे. भात मी स्वतः शिजवितो. पाण्याचे प्रमाण, जे मी आजवर सांगत आलो, त्या प्रमाणाने शिजविला असता तो खाली लागतो, असे आढळून आले आहे. तांदूळ जुना असावा. घरात आता सर्व काही आपापल्या जागी असते. मी परतल्यापासून या घरात एकही शब्द चुकीचा उच्चारला गेलेला नाही. दिवसभर ऐकत असतो. कोठेच काही दुरुस्त करण्यासारखे नाही. आपल्या पत्रात मात्र आपण लिहिता, 'ताई इथे दिवसभर बोलत असते, आईला तर ती एवढी बोलकी होती हेच आठवत नाही. परत येण्याचे संक्रांतीनंतर पाहू.' हे वाक्य मी वारंवार वाचले. त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत. त्या कोणत्या, ते कळविण्याची इच्छा होत नाही.

तरी आपण माझ्या मिरवणुकीसाठी सांगितलेले वाजंत्री परत पाठवावे, मंडपाचे कापड ज्याचे त्याला द्यावे, आणि सांगली, निपाणी व बेळगाव येथे या पत्राच्या नकला पाठवाव्यात. नारळ मी परत करणार नाही. ते फुटले आहेत. आमच्यावरील लोभ आहे तेवढाच राहू द्यावा. त्यात वाढ व्हावी अशी विनंती करण्यासारखी माझी स्थिती सध्या नाही.

आपला,
नेमाण्णा आदाप्पा मगदूम

ताजा कलम: 'घरी परतलो' असे वर लिहिले आहे. ते लालासाबच्या गाडीत, वळकटीवर बसून परतलो, असे वाचावे. फ्रान्सच्या पद्धतीस हे सोडून आहे. बापूसोस कळवू नये.

आणखी एक: हे पत्र आपण आपल्या भगिनींस मोठ्याने वाचून दाखविणार, हे मी धरून चाललो आहे. वाचताना आपल्या उच्चारात ज्या चुका होतील, त्या होऊ द्याव्यात. मिरचीचा भाग आला, की थोडे थांबून त्यांच्याकडे पाहावे. काही बोलल्या तर कळवावे, न बोलल्या तर तेही कळवावे.

आणखी: त्या दिवसभर बोलतात, असे आपण लिहिता. काय बोलतात? आपणास जसे आठवेल तसे, त्यांच्याच शब्दांत, दुरुस्त न करता लिहून पाठवावे. 'भाईर' असेल तर 'भाईर' असेच लिहावे. कागदाची काटकसर करू नये.

तिथींची दुरुस्ती, आपल्या पत्रातील क्रमाने:

आपण माझ्या गृहत्यागाची तिथी कार्तिकी पौर्णिमा दिली आहे. ती मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया हवी, व 'गृहत्याग' हा शब्द काढून 'फिरावयास जाणे' असे हवे.

उपोषण: आपण 'द्वितीयेपासून षष्ठीपर्यंत' असे लिहिता. ते केवळ तृतीयेस घडले. चतुर्थीस सूर्योदयानंतर मी चार लाडू खाल्ले.

दीक्षेची संमती: आपण चतुर्थी लिहिता. पंचमी हवी. शब्द वर दिले आहेत ते.

दीक्षा: आपण पौष शुद्ध एकादशी योजिली आहे. ही तिथी रद्द समजावी.

आपल्या भगिनींचे वडगावास येणे: आपण सप्तमी लिहिता. मी षष्ठीस सायंकाळी दाराशी उभा होतो तेव्हा कुलूप होते. म्हणून त्याआधीची असली पाहिजे.

आमचा विवाह: आपण 'तीस वर्षांपूर्वी' असे लिहिता. शके १७९०, फाल्गुन शुद्ध दशमी. आपण त्या वेळी पाळण्यात होता, म्हणून हा दोष आपला धरीत नाही. त्या दिवशी वारा फार होता, आणि अंतरपाट दोनदा उडाला.

सौ. अक्काताईंचे कोल्हापुरास परत येणे: आपण 'संक्रांतीनंतर पाहू' असे लिहिले आहे. ही तिथी नव्हे. येथे त्या सांगतील ती तिथी लिहावी. मी ती तपासणार नाही.